चिखल मोकळा राहू द्या

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जाताना सुकती (ओहोटी) असली, तर मांडवीच्या कडेचा राखाडी चिखल उघडा पडलेला दिसतो. बहुतेकांच्या लेखी ती पडीक जागा. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान दुर्बीण लावून बघा, तिथे पक्ष्यांची जेवणाची पंगत बसलेली असते.

चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. चार पावलं धावायचं, थबकायचं, वर दिसलेला किडा टिपायचा, अशी त्याची रीत. बाकदार चोचीच्या तुतारीचं तसं नाही. तिच्या चोचीच्या टोकाशी हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब ओळखणाऱ्या पेशी. चिखलात खुपसलेल्या चोचीला न दिसणारं भक्ष्य जाणवतं. कुरलाची चोच आणखी लांब, खाली वळलेली, थेट खेकड्याच्या बिळात पोचणारी. एकाच पट्ट्यात सगळे चरतात, पण कोणी कोणाच्या ताटातलं फारसं उचलत नाही.

ही तुतारी सायबेरियाच्या उत्तर टोकाला अंडी घालते. आपल्याकडच्या छोट्या वाळू-चिखल्यांपैकी बरेच लडाख-तिबेटच्या पठारावरचे. परतीच्या प्रवासाचं इंधन म्हणजे चरबी, आणि ती साठते इथल्या चिखलावर. एप्रिलच्या सुमारास या वाळू-चिखल्याची छाती तांबूस होऊ लागते आणि अंग गोल दिसतं. या दिवसांत त्याला वारंवार उडवून लावणं म्हणजे त्याच्या शिदोरीतून काढून घेणं.

चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य 1988 साली जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर, त्यातली बरीच जागा खारफुटीची. खारफुटी तोडू नये, याबद्दल दुमत नाही. तिचा पालापाचोळा कुजतो, त्यावर चिखलातले जीव पोसतात. पण उघड्या चिखलावर रोपं लावण्याचा उत्साह मला धोक्याचा वाटतो. किनारपक्ष्यांना चारी बाजू मोकळ्या लागतात, ससाणा लांबून दिसायला हवा. दाट झाडीत ते सहसा उतरत नाहीत. हेतू चांगला असला तरी अशा लागवडीने त्यांची जेवणाची जागा जाते.

भरती आली की चिखल बुडतो. मग हे पक्षी मिठागरांत, वाळूच्या दांड्यांवर आणि खाजनांत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांत, विसावतात. म्हणजे अभयारण्याची हद्द पुरत नाही. खाजनातला बांध फुटला, मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दारं कुजली, की खारं पाणी कायमचं साचतं. भातशेती सुटते, हळूहळू खारफुटी आत शिरते आणि मोकळी ओली शेतं संपतात. ठिपकेवाल्या तुताऱ्या अशाच शेतांत चरतात. कुडचड्याचं नंदा तळं 2022 मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. अवघं 42 हेक्टर. पावसाळा संपल्यावर लोक तिथे शेतीसाठी पाणी अडवतात, नेमकं पक्षी येतात त्या काळात. शेतकरी आणि पाणपक्षी दोघांचं भागतं, म्हणून ही व्यवस्था मला मोलाची वाटते.

मोरजीत, शापोरा नदीच्या मुखाशी, कुरव आणि सुरय हे पाणपक्षी भरतीच्या वेळी वाळूवर थव्याने बसतात. थवा दिसला तर वळसा घालून जावं, मुलांना त्यात धावू देऊ नये, कुत्रा साखळीने धरावा. फोटोसाठी जवळ जाताना पक्ष्यांनी माना वर केल्या, तर तिथेच थांबावं. पुढचं पाऊल टाकलं की ते उडणार.