हेलिकॉप्टर ‘हेली’पाशी तुटत नाही

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाकडून घरघर आली की आमची पोरं गच्चीवर पळतात. परवा भाचीच्या वहीत दिसलं: ‘हेली + कॉप्टर’. आम्हीही असंच घोकलं होतं, पण ते चूक आहे. ग्रीक ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्र, ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. फोड होते ‘हेलिको + प्टर’. १८६१ साली फ्रान्सच्या पाँतों दामेकूर यांनी हा शब्द घडवला.

मग ‘कॉप्’ कुठून आलं? ग्रीकमध्ये शब्दाची सुरुवात ‘प्ट’ने होऊ शकते. इंग्रजी जिभेला ते पेलत नाही, म्हणून ‘प’ मागच्या अक्षराला चिकटतो: हे-लि-कॉप्-टर, आघात पहिल्या ‘हे’वर. आपल्या जोडाक्षरात मात्र ‘प्ट’ एकत्रच राहिलं, याचं मला फार कौतुक वाटतं. ‘हेलिपॅड’ हा याच चुकीच्या तोडणीतून पुढे निघालेला शब्द.