ग्रेट वाइब्स आणि सॅक्रामेंटो: नाजूक दोन्ही, पण रेघ वेगळी

ग्रेट वाइब्स हा हस्ताक्षरासारखा इंग्रजी फॉन्ट कसा दिसतो हे सांगायला नको. इंग्रजी लग्नपत्रिकांवर वधूवरांची नावं अनेकदा त्यातच असतात. तक्रार पुढची आहे. ‘तसाच बारीक हवा’ म्हणून कुणीतरी सॅक्रामेंटो हा दुसरा नाजूक फॉन्ट लावतं, किंवा उलट, आणि आकार तोच ठेवतं.

कॅपिटल अक्षरांचे वळसे, तिरकेपणा हे फरक नुसते पाहून कळतात. गोम रेघेत आहे. ग्रेट वाइब्सचं घराणं टोकदार निबाचं. खाली ओढताना दाब पडतो, निबाची पाती फाकतात, रेघ जाड होते. वर जाताना हात हलका, रेघ केसाएवढी. सॅक्रामेंटोत रेघ जवळपास सगळीकडे सारखीच.

त्यामुळे ग्रेट वाइब्ससारख्या फॉन्टचा आकार जाड रेघ बघून ठरवू नका. मजकुराचे कर्व्हज करा, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा, आणि दोन अक्षरं जोडणारी सर्वांत बारीक रेघ मोजा. समजा, फॉन्टचं अक्षर ज्या १००० युनिटच्या चौकटीत आखलेलं असतं, तिच्यात ती १२ युनिट भरली. १८ पॉइंटला तिची जाडी होते ०.२१६ पॉइंट. ऑफसेट छपाईला ०.२५ पॉइंटच्या खाली जाऊ नये, म्हणजे आकार किमान २१ पॉइंट हवा. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर ०.५ धरा, कारण शाई कडेने पसरून फट बुजवते. आकार थेट ४२ पॉइंटवर जातो. एकसारख्या रेघेचा फॉन्ट ४० युनिटचा असेल, तर १८ पॉइंटलाच ०.७२ मिळतात.

यावरचा लाडका उपाय म्हणजे अक्षरांना ०.२५ पॉइंटची आउटलाइन, म्हणजे कडेने रेघ देणं. ग्रेट वाइब्सला ती देऊ नका. आपल्या उदाहरणात केसाएवढी रेघ ०.४६६ होते, म्हणजे दुपटीहून जास्त. ८० युनिटची जाड रेघ १.४४ वरून फक्त १.६९. जाड-बारीकचं प्रमाण निम्म्यावर येतं, इंग्रजी ‘e’चं पोट बुजतं आणि निबाची सगळी ऐट जाते. सॅक्रामेंटोला तीच आउटलाइन खपून जाते.

सोनेरी रंग छपाईच्या नेहमीच्या चार रंगांतून काढत असाल तर बारीक रेघ ठिपक्यांत तुटते. सोनेरी शाई वेगळी लावा.

सगळी कॅपिटल अक्षरं आणि वाढवलेलं लेटरस्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) दोन्ही फॉन्टना वर्ज्य. कॅपिटलमध्ये नाव वाचता येत नाही, अंतर वाढवलं की सांधे उघडे पडतात.

देवनागरी दोन्हींत नाही. मराठी नाव टाइप केलं की सॉफ्टवेअर गुपचूप भलताच फॉन्ट उचलतं. सॅक्रामेंटोशेजारी इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘कलम’ या देवनागरी फॉन्टचं लाइट वजन (बारीक रेघेचा प्रकार) बरं दिसतं. ग्रेट वाइब्सशेजारी मात्र बोरूच्या वळणाची देवनागरी नको: तिथली जाडी दाबातून नाही, कापलेल्या टोकाच्या कोनातून येते, आणि दोन्ही अक्षरं एकमेकांशी भांडत बसतात.