मुक्तस्रोत प्रकल्पांतील विंडोज साहाय्य

स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणाऱ्या मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पाचे सॉफ्टवेअर विंडोजवर नीट बसावे, चालावे, अडल्यास त्याची तक्रार उपयोगी पडावी आणि विंडोजवरूनच कोडमध्ये भरही घालता यावी, यासाठी करावे लागणारे काम. कोड लिहिणारे बहुधा लिनक्स किंवा मॅकवर बसतात आणि वापरणारे विंडोजवर, ही यातली मूळ अडचण. गोव्यात पंचायत कचेरी, शाळेची संगणक खोली, म्हापसा-मडगावातले डीटीपीचे दुकान, सगळीकडे विंडोजच दिसते. लिब्रेऑफिस, गिंप, इंकस्केप, क्यूजीआयएस हे मुक्तस्रोत प्रोग्रॅम तिथे पोचतात ते त्यावरच, आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी आपला पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवतो तोही बहुधा त्याच यंत्रावरून.

लिपी आणि कोड पेज

गोव्यातून येणाऱ्या तक्रारींत हा भाग सर्वांत गुंतागुंतीचा, कारण इथे मराठी आणि कोंकणी देवनागरीत, तर कोंकणी रोमीतही लिहिली जाते. जुन्या धाटणीचे प्रोग्रॅम मजकूर सिस्टिमच्या कोड पेजमधून (अक्षरांना अंक देणाऱ्या मर्यादित तक्त्यातून) नेतात. भारतीय इंग्रजीवर लावलेल्या यंत्रात ते सहसा क्रमांक १२५२ चे असते आणि आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कन्सोलमध्ये, ४३७. टिल्डची खूण असलेली ‘ए’ आणि ‘ओ’ ही रोमी अक्षरे १२५२ मध्ये आहेत, ४३७ मध्ये नाहीत. टिल्डवाले ‘ई’ आणि ‘यू’ दोन्हींत नाहीत. म्हणून एकाच यादीतले एक पोर्तुगीज वळणाचे आडनाव फाइलमध्ये शाबूत राहते, कन्सोलवर बिघडते आणि शेजारचा कोंकणी शब्द दोन्हीकडे मोडतो. देवनागरीसाठी तर सिस्टिमला लावता येईल असे कोड पेजच नाही. तिथे सरळ प्रश्नचिन्हे उमटतात.

खरा घोळ फाइलच्या पत्त्यात होतो. स्थानिक खाते उघडताना नाव देवनागरीत लिहिले, तर ‘युजर्स’खालचा फोल्डरही देवनागरीत बनतो आणि पुढे खात्याचे नाव बदलले तरी फोल्डर तोच राहतो. प्रोग्रॅम तो पत्ता कोड पेजमधून नेतो, अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात, प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाइलनावात चालत नाही, आणि समोर असलेली फाइल ‘सापडत नाही’. सी भाषेत यावर दोन उपाय आहेत: विंडोजची रुंद अक्षरांची (युनिकोड) फंक्शने वापरणे, किंवा मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या माहिती-फाइलीत) प्रोग्रॅमचे कोड पेज यूटीएफ-८, म्हणजे सर्व लिप्या सामावणारी युनिकोड पद्धत, असे जाहीर करणे (विंडोज १०, आवृत्ती १९०३ पासून). पायथन भाषेत फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) स्पष्ट लिहावे. न लिहिल्यास देवनागरी साठवताना ‘चारमॅप’ची, म्हणजे अक्षर कोड पेजमध्ये नसल्याची, त्रुटी येते.

संपूर्ण विंडोजच यूटीएफ-८ वर नेणारी ‘बीटा’ खूण सेटिंगमध्ये आहे. ती लावा असे वापरकर्त्याला सांगू नये. छपाईच्या दुकानांत युनिकोडपूर्व फॉन्टचे प्रोग्रॅम अजून रोजच्या कामात असतात आणि ते त्यामुळे कोलमडू शकतात. आपला बग (कोडमधला दोष) झाकण्यासाठी दुसऱ्याचा धंदा अडवणे बरे नव्हे.

कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर सार्वजनिक प्रकल्पांना विंडोजची चाचणी-यंत्रे फुकट मिळतात, पण तिथले वापरकर्तानाव साध्या रोमन अक्षरांतले आणि भाषा अमेरिकी इंग्रजी. चाचण्या हिरव्या (उत्तीर्ण) दिसतात आणि बग थेट गोव्यातल्या डिचोलीत उगवतो. चाचणीच्या वेळी ‘डिचोली तालुका’ अशा, मध्ये मोकळी जागा असलेल्या फोल्डरात कोड ठेवून तात्पुरत्या फाइलींचा पत्ताही तिथेच वळवला, तर यातले बरेचसे आधीच पकडता येते.

कोड आणि बांधणी

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट फॉर विंडोजचा इन्स्टॉलर मूळ निवडीप्रमाणे ओळींची टोके (ओळ संपल्याची न दिसणारी अक्षरे) विंडोज पद्धतीची करतो. अशी टोके असलेली शेल स्क्रिप्ट (लिनक्सच्या आज्ञांची फाइल) डब्ल्यूएसएल किंवा डॉकर या विंडोजवर लिनक्स चालवणाऱ्या सोयींत चालवली की इंटरप्रिटर (ती वाचून चालवणारा प्रोग्रॅम) सापडत नाही, कारण त्याच्या नावाला न दिसणारे एक अक्षर चिकटलेले असते. प्रत्येकाला सेटिंग बदलायला सांगण्यापेक्षा प्रकल्पातच ‘.गिटअॅट्रिब्यूट्स’ फाइल ठेवून शेल स्क्रिप्टांना लिनक्स पद्धत सक्तीची करावी.

विंडोजवर नावात फक्त लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक असलेल्या दोन फाइली एका फोल्डरात राहत नाहीत. ‘ऑक्स’, ‘कॉन’, ‘नल’ ही नावे राखीव आहेत. पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. उघडी फाइल सहसा पुसता येत नाही, त्यामुळे लिनक्सवर बिनबोभाट चालणारी चाचणी इथे शेवटच्या साफसफाईत अडकते. डेस्कटॉप वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला जोडलेला असेल तर कोड तिथे ठेवूच नये.

वितरण

मिनजीडब्ल्यू या साधनसंचाने बांधलेला (कोडपासून तयार केलेला) प्रोग्रॅम बांधणाऱ्याकडे चालतो आणि दुसऱ्याकडे डीएलएल (जोडीची कोड-फाइल) नाही म्हणून बंद पडतो, कारण बांधणाऱ्याच्या ‘पाथ’मध्ये (फाइली शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत) त्या फाइली असलेला एमसिस२ हा संच असतो. इन्स्टॉलर विंडोज सँडबॉक्स या तात्पुरत्या, वेगळ्या विंडोजमध्ये तपासावा; तो दर वेळी कोरा उघडतो, मात्र होम आवृत्तीत मिळत नाही. डिजिटल सही नसलेल्या इन्स्टॉलरवर विंडोजची स्मार्टस्क्रीन इशाऱ्याची निळी पाटी लावते. सहीची खासगी किल्ली १ जून २०२३ पासून हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, आणि हा खर्च स्वयंसेवकांच्या खिशाला झेपत नाही. साइनपाथ फाउंडेशन पात्र मुक्तस्रोत प्रकल्पांना फुकट सही देते. ‘अँटिव्हायरस बंद करा’ हा सल्ला मात्र कधीच देऊ नये. खोटा इशारा असल्यास फाइल मायक्रोसॉफ्टकडे तपासणीला पाठवावी.

तक्रार घेताना

मोबाइलवर काढलेला पडद्याचा तिरका फोटो ही नेहमीची तक्रार. विंडोजच्या साध्या संदेशचौकटीवर कंट्रोल-सी दाबले की आतला सगळा मजकूर कॉपी होतो. अनुभवी वापरकर्त्यांनाही हे क्वचित ठाऊक असते. प्रोग्रॅम न सांगता बंद होत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘अॅप्लिकेशन’ उघडून त्या वेळची नोंद मागवावी. दोषी मॉड्यूलचे नाव त्यात असते. जोडीला ‘विनव्हर’ या आज्ञेने दाखवलेली विंडोजची आवृत्ती आणि फाइलचा पूर्ण पत्ता मागितला की उलटतपासणी निम्म्यावर येते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागत असल्याने बरीच चालू यंत्रे मागेच राहिली. अशा यंत्रांसाठी किमान आवृत्ती ठरवताना प्रकल्पाच्या हातात थोडेच असते: पायथन ३.९ पासून विंडोज ७ वर बसत नाही, गो भाषेच्या १.२१ ला आणि खिडक्या-बटणे बनवण्याच्या क्यूटी ६ या साधनसंचाला विंडोज १० लागते. किमान आवृत्ती डाउनलोडच्या बटणाशेजारीच लिहावी.