टो-बार, सुटा : अडकणे व झिजणे

मोटारगाडीच्या मागे ट्रेलर जोडण्याच्या व्यवस्थेतील हाताने काढता-घालता येणारा भाग. चासीला बोल्टांनी आवळलेला आडवा पोलादी पट्टा कायम राहतो. त्यावरील सॉकेटमध्ये हंसाच्या मानेसारखा वाकवलेला दांडा बसतो आणि दांड्याच्या टोकाशी ट्रेलरची वाटी धरणारा गोळा असतो. गाडी बंद पडल्यावर दोर बांधण्यासाठी बंपरमध्ये पिळून बसवायची कडी ही निराळी वस्तू असून तिचा येथे विचार केलेला नाही.

गोळा आणि वाटी यांच्या सांध्याचे श्रेय सामान्यतः जर्मनीतील वीडनब्रूक येथील वेस्टफालिया या कारखान्याला दिले जाते आणि त्याचा काळ १९३० चे दशक मानला जातो. पेटंटचा अर्ज, त्याची मंजुरी आणि प्रत्यक्ष विक्री ही तीन वेगळी वर्षे असू शकतात, त्यामुळे नेमके साल देण्यापेक्षा दशक सांगणे अधिक रास्त ठरते. दांडा सुटा करण्याची कल्पना त्यानंतरची आहे. वापर नसताना गोळ्याने नंबरप्लेट किंवा मागचे दिवे झाकले जाऊ नयेत, हा युरोपीय देशांतील नियम तिच्या प्रसारास बराचसा कारणीभूत झाला असावा. अमेरिकेत रूढ असलेली चौकोनी नळीत चौकोनी दांडा सरकवून आडवी पिन घालण्याची पद्धत हे याच कल्पनेचे साधे रूप आहे, असे काही वेळा म्हटले जाते. परंतु दोहोंची कुलूपबंदी इतकी भिन्न आहे की त्यांना स्वतंत्र परंपरा मानणेच योग्य वाटते.

युरोपीय घडणीत दांड्याच्या वरच्या टोकात कडक पोलादाच्या गोळ्या असतात. मूठ बाहेर ओढून फिरवली की आतला निमुळता खिळा स्प्रिंगविरुद्ध मागे सरकतो आणि गोळ्या आत जातात. दांडा सॉकेटमध्ये पूर्ण बसताच खटका दाबला जाऊन खिळा पुढे उसळतो, गोळ्यांना बाहेर रेटतो आणि त्या सॉकेटच्या खाचेत घट्ट बसतात. खिळ्याचा उतार मुद्दाम अल्प ठेवलेला असतो, त्यामुळे ट्रेलरच्या हिसक्यांनी तो मागे ढकलला जात नाही. गोळ्या किंवा खाच थोडी झिजली तर खिळा तेवढाच अधिक पुढे सरकतो आणि सांधा घट्टच राहतो. दांडा जाम होणे आणि झीज लपून राहणे या दोन्ही तक्रारींचे मूळ या एकाच उतारात आहे. घर्षणाने धरून राहणाऱ्या खिळ्यावर गंज चढला की हाताचे बळ त्याला स्प्रिंगविरुद्ध मागे आणण्यास पुरत नाही. उलट झीज आपोआप भरून निघत असल्याने भरपाईची मर्यादा संपेपर्यंत मालकाला काहीच जाणवत नाही.

मुंबईत गंजाला निमित्त शोधावे लागत नाही. खारी हवा, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि तुंबलेल्या पाण्यातील गाळ हे तिन्ही येथे एकत्र येतात. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे अगदी कमी फटीच्या सॉकेटमध्ये पातळ थरही पाचरीचे काम करतो. होडीचा ट्रेलर उतारावरून पाण्यात सोडताना गाडीची मागची बाजूही खाऱ्या पाण्याने भिजते आणि नंतर गोड्या पाण्याने धुण्याचा कंटाळा केला जातो. दांडा काढल्यावर रिकाम्या सॉकेटला लावायचे बूच हरवणे हे त्याहून क्षुल्लक दिसणारे, पण बहुधा अधिक वेळा घडणारे कारण आहे.

जाम झालेला दांडा सोडवताना आधी ट्रेलर सोडवून भार काढावा लागतो. मुठीवरील कुलपाची चावी सहज फिरते की नाही हे प्रथम पाहावे, कारण दांडा अडकला असे वाटते तेव्हा पुष्कळदा कुलपातच माती साचलेली असते. त्यानंतर मुठीच्या कडेने व दांडा सॉकेटमध्ये शिरतो त्या सांध्यावर गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे. गॅरेजमध्ये मिस्त्री रॉकेल किंवा डिझेल वापरतात. ते फटीत शिरते, पण मागे टिकाऊ थर ठेवत नाही, म्हणून सुटल्यावर वेगळे वंगण द्यावे लागते. पुढचे काम दोघांचे आहे : एकाने मूठ ओढून धरावी व दुसऱ्याने दांड्याच्या बाजूवर लाकडी किंवा रबरी हातोडीने हलके ठोके द्यावेत. मुठीवर हातोडी मारू नये आणि तिला पाइपपाना लावू नये. आतला दाता तुटला तर दांडा सॉकेटमध्येच राहतो. उभ्या सॉकेटचा दांडा एकदम निसटून पायावर पडू शकतो, त्यामुळे त्याला खालून आधार हवा. गॅसच्या ज्योतीने तापवण्याची सूचना सर्रास दिली जाते, ती स्वीकारता येत नाही. स्प्रिंगचे व कडक पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते आणि शेजारी बंपर, वायरिंग व कधी इंधनाची टाकी असते. साखळी बांधून दुसऱ्या गाडीने हिसका देणे याहून धोक्याचे आहे.

झिजेची तपासणी दोन ठिकाणी होते. आयएसओ ११०३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नव्या गोळ्याचा व्यास ५० मिमी असतो. व्हर्निअर कॅलिपरने निरनिराळ्या दिशांनी मोजल्यावर तो कोठेही ४९ मिमीपर्यंत उतरला असेल तर गोळा बाद समजतात. एकाच दिशेने मोजणे व्यर्थ आहे, कारण ओढ व ब्रेक यांमुळे गोळा पुढून-मागून झिजून लंबगोल होतो. अमेरिकी मापाचा गोळा २ इंच, म्हणजे ५०.८ मिमी असतो. त्या मापाची वाटी ५० मिमी गोळ्यावर सैल बसते आणि जी झीज वाटते ती केवळ विजोड निघते. घर्षणपट्ट्यांनी ट्रेलरचे डोलणे रोखणाऱ्या वाटीसाठी गोळा कोरडा ठेवावा लागतो. साध्या वाटीला ग्रीस चालते.

दुसरी तपासणी कुलूपबंदीची. बऱ्याच घडणींत मुठीवर लाल व दांड्यावर हिरवी खूण असते. बंद स्थितीत लाल खूण हिरव्या पट्ट्यात यावी, मूठ दांड्याला टेकलेली असावी आणि चावी फिरून निघावी. खूण पट्ट्यापलीकडे गेली, किंवा गोळा हाताने हलवल्यावर सॉकेटपाशी प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला, तर भरपाई संपली असे समजावे. असा दांडा वेल्डिंगने भरून किंवा पत्रा घालून वापरू नये. उत्पादक तो उघडून दुरुस्त करण्यासही मनाई करतात. संपूर्ण दांडा बदलावा लागतो, आणि सॉकेटच्या खाचेत गोळ्यांचे खळगे पडले असतील तर चासीवरचा आडवा पट्टाही.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर कॅलिपर, हातोड्या व तेले मिळतात. जुन्या सुट्या भागांसाठी कुर्ल्याकडे जाण्याची रीत आहे. तेथे बाहेरून सारखा दिसणारा दांडा मिळालाच, तरी पट्टीवरील प्रकार-क्रमांक जुळल्याशिवाय तो बसवू नये. कुलपावर कोरलेला चावीचा क्रमांक आधीच टिपून ठेवलेला असल्यास हरवलेली चावी नव्याने मागवता येते, अन्यथा कुलूप ड्रिलने फोडावे लागते.