हाताने शिवायच्या गोधडीसाठी लोकरीचं भरण कसं निवडावं

दुकानात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "तुमच्याकडे सगळ्यात जाड कुठलं?" त्यावर आम्ही उलट तीन प्रश्न विचारतो. गोधडी कुठल्या गावात वापरणार? वरचं कापड कुठलं? आणि टाके किती अंतरावर घालणार? ही तीन उत्तरं मिळाली की भरण जवळजवळ ठरलेलंच असतं. जाडीचा विचार त्यानंतर.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जुन्या नऊवारी, धोतरं, चादरी एकावर एक घालून वाकळ शिवायची असेल, तर आमच्याकडून काही घेऊ नका. तिथे कापडाचे थर हेच भरण असतं आणि त्यात लोकर घुसवली तर वाकळेचा तो मऊ जडपणा जातो. बाळंतविड्यातल्या दुपट्यालाही लोकर नको, कारण दुपटं रोज धुवावं लागतं. लोकर उपयोगी पडते ती हलकी, फुगीर, उबदार गोधडी किंवा दुलई हवी असेल तेव्हा.

कुठली लोकर

आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर का ठेवत नाही, असं बरेच जण विचारतात, आणि विचारायलाच हवं. संगमनेर, लोणंद, सोलापूर, कोल्हापूर या पट्ट्यातल्या मेंढ्यांची ती काळी-करडी लोकर घोंगडीला उत्तम. सणगर ती मागावर विणतात, वर चिंचोक्याची खळ देतात आणि ती घोंगडी वर्षानुवर्षं टिकते. पण तिचा तंतू जाड, बहुतेक वेळा ३५ मायक्रॉनच्या वर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साधारण ३० मायक्रॉनच्या पुढचा तंतू कातडीला टोचतो. पिंजून भरला तर तो कापडातून टोक काढतो आणि अंगाला खाज सुटते. घोंगडी घ्यायचीच असेल तर सणगरांकडून विणलेली घ्या. भरणाला ती लोकर नको.

आम्ही भरणासाठी दोन प्रकारची लोकर ठेवतो. एक मेरिनो जातीच्या मेंढीची, तंतू २४ मायक्रॉनच्या आत. भारतात येणारी बहुतेक ऑस्ट्रेलियाची. मऊ, महाग. दुसरी राजस्थानची, बिकानेरच्या बाजारातून येणारी, त्यातही चोकला जातीच्या मेंढीची मिळाली तर उत्तम. मेरिनोपेक्षा थोडी खरखरीत, पण फुगारा छान धरते आणि खिशाला परवडते. कापड घट्ट विणीचं असेल तर अंगावर फरक कळत नाही. रोजच्या वापराच्या गोधडीला मेरिनोचा हट्ट धरू नका, असं आमचं मत आहे.

लोकर कुठूनही घ्या, हातात घेऊन पाहा. मूठभर दाबून सोडली की ती लगेच वर आली पाहिजे. चपटीच राहिली तर ती जुनी आहे किंवा त्यात भेसळ आहे. बोटं चिकट झाली तर तेल नीट धुतलेलं नाही, आणि पावसाळ्यात तिला मेंढीचा वास येणारच. शंका असेल तर चार तंतू चिमट्यात धरून जाळून पाहा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राखेचा काळा गोळा बोटांत चुरगळतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. "शंभर टक्के लोकर" म्हणून विकलेल्या मालात असे मणी आम्ही पाहिले आहेत.

वजन किती

बाजारात भरण जीएसएमवर विकलं जातं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. ६० बाय ९० इंचांची एका माणसाची गोधडी साधारण साडेतीन चौरस मीटर भरते. म्हणजे २०० जीएसएमचं भरण घेतलं तर आत ७०० ग्रॅम लोकर, ३००चं घेतलं तर किलोहून थोडी जास्त, ४००चं घेतलं तर १ किलो ४०० ग्रॅम.

मुंबई, ठाणे, कोकण, गोव्यासाठी १५० ते २०० पुरे. एसीत झोपणाऱ्यांनाही एवढंच. पुणे, नाशिक, सातारा इथे डिसेंबर-जानेवारीसाठी २५० ते ३००. महाबळेश्वरला घर असेल किंवा गोधडी दिल्लीला जाणार असेल तर ४००. लेक अमेरिकेत आहे म्हणून ४०० मागणाऱ्या आया पुष्कळ येतात. त्यांना आम्ही सांगतो की तिकडची घरं आतून गरम असतात, २५० घ्या, बॅगेतही मावेल.

दमट हवेत लोकर कशाला, हाही प्रश्न येतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. घाम आला तरी ती पॉलिएस्टरसारखी अंगाला चिकट वाटत नाही. फक्त पातळ घ्या.

कापड आणि टाके

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या. गोधडी होते, दिसते छान, आणि दोन महिन्यांत वरच्या कापडातून बारीक पांढरी लव बाहेर येऊ लागते. दोष लोकरीचा कमी आणि कापडाचा जास्त. विरळ विणीतून लोकरीचा तंतू हळूहळू वर सरकतो. म्हणून कापड घ्यायच्या आधी ते ट्यूबलाइटसमोर धरा. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर लोकर त्यातून बाहेर येणार. केंब्रिक (घट्ट विणीचं बारीक सुती कापड), घट्ट पॉपलीन चांगलं. मलमल नको. आईची झिजलेली मऊ साडीच वर लावायची असेल (आणि बहुतेकांना तीच लावायची असते), तर आत केंब्रिकची एक खोळ करा आणि लोकर त्या खोळीत ठेवा. काळ्या किंवा गडद निळ्या कापडाखाली पांढऱ्याऐवजी करडी लोकर मागा. लव बाहेर आलीच तर ओढू नका, कात्रीने कापा. एक तंतू ओढला की मागून आणखी येतात.

नवं कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. मांजरपाट आणि खादी पहिल्या धुण्यात आटतात, आणि शिवल्यानंतर आटलं की गोधडीला सुरकुत्या पडतात.

भरण दोन तऱ्हांचं मिळतं. सुयांनी ठोकून एकसंध केलेल्या थराला आठ-दहा सेंटीमीटरवर टाके चालतात. कधी त्याला मागून पातळ जाळीही असते. नुसती पिंजून पसरलेली लोकर जास्त फुगते, पण तिला चार-पाच सेंटीमीटरच्या आत धावदोरा हवा, नाहीतर ती खाली घसरून गोळे होतात. पारंपरिक गोधडीसारखे कडेपासून आत ओळीने टाके घालणार असाल तर पिंजलेली बेलाशक घ्या. थोडीच नक्षी काढून मोकळं सोडणार असाल तर ठोकलेला थर घ्या.

लोकरीत सुई लोण्यासारखी जाते. कापसाच्या दाट भरणात हात दुखणाऱ्यांनी एकदा लोकर वापरून पाहावी.

घडीतून काढलेलं भरण लगेच कापू नका. एक रात्र पलंगावर मोकळं पसरून ठेवा, घड्या आपोआप वर येतात. राहिलेल्या घडीवर वाफेची इस्त्री वरूनच फिरवा, टेकवू नका. चारही बाजूंनी पाच-सात सेंटीमीटर जास्त कापा. शिवताना भरण आत खेचलं जातं.

धुणं आणि ठेवणं

गरम पाणी, घासणं आणि साबण एकत्र आले की लोकर आटून नमद्यासारखी (दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी) घट्ट होते, आणि ती परत मोकळी होत नाही. म्हणून साधं गार पाणी, लोकरीसाठी मिळणारा द्रव साबण, दहा मिनिटं भिजवणं आणि हलक्या हाताने दाबणं. पिळायची नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळून पाणी काढा आणि चटईवर, सावलीत आडवी वाळवा. दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने भरण एका कडेला उतरतं. धुण्याचा सोडा वर्ज्य. क्लोरिनच्या ब्लीचमध्ये तर लोकर अक्षरशः विरघळते, तेव्हा धुणंवाल्या मावशींना हे आधी सांगून ठेवा. खरं तर वरून सुती खोळ चढवली तर वर्षातून एकदा धुतलं तरी पुरतं.

कसर घामट, मळक्या लोकरीला आधी लागते. म्हणून थंडी संपल्यावर गोधडी स्वच्छ करून, पूर्ण वाळवून मगच कपाटात ठेवा. वेखंड, कडुनिंबाचा पाला घाला, हरकत नाही, पण त्याने आत घातलेली अंडी मरत नाहीत. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा, कापडाला थेट लावू नका. कसर लागल्याची शंका आली तर गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा.

दुकानात येताना वरच्या कापडाचा वीतभर तुकडा सोबत आणा. लोकरीचा नमुना आम्ही फुकट देतो. घरी त्याची हातभर चौकट शिवा, एकदा धुवा आणि मग किती घ्यायचं ते ठरवा. एकदा कापलेलं भरण आम्ही परत घेत नाही.