पोकर चिप्सचे ऑनलाइन लिलाव

पोकर चिप्सचे ऑनलाइन लिलाव : कॅसिनोत किंवा घरगुती डावात पैशांऐवजी वापरल्या जाणाऱ्या चकत्या संग्राहकांनी इंटरनेटवर बोली लावून विकत घेण्याची पद्धत, आणि त्या व्यवहारात रुळलेले संकेत. हा छंद मुख्यतः अमेरिकेतला असून त्याचे केंद्र लास व्हेगास आहे. नाणी किंवा टपाल तिकिटांच्या मानाने हे वर्तुळ बरेच लहान. एखाद्या बंद पडलेल्या कॅसिनोच्या पाच डॉलरच्या चिपमागे खरोखर लागलेली माणसे मोजकीच असतात, आणि तीच माणसे पुढच्या लिलावातही समोर येतात. त्यामुळे संकेतस्थळाच्या लेखी नियमांपेक्षा न लिहिलेल्या रीतींना इथे जास्त वजन आहे.

वस्तू : व्यवहारात ‘मातीची चिप’ म्हणतात, पण त्यात माती असलीच तर नावापुरती. खनिजांची पूड आणि तिला धरून ठेवणारी द्रव्ये यांचे मिश्रण साच्यात तापवून, दाबून ती घडवतात. प्रचलित व्यास ३९ मिमी., वजन साधारण ८.५ ते १० ग्रॅम. कडेवरचे रंगीत पट्टे वरून रंगवलेले नसतात. वेगळ्या रंगाचे तुकडे कापून दाबण्यापूर्वीच बसवलेले असतात, म्हणून चिप झिजली तरी पट्टा जात नाही. कडेलगतच्या उठावावरून कारखाना ओळखता येतो. पॉल-सन या कंपनीच्या चिपवर टोपी आणि छडी यांची ओळ असते, तर टी. आर. किंग या लॉस एंजेलिसच्या जुन्या उत्पादकाच्या चिपवर छोटे मुकुट. पॉल-सन, बड जोन्स आणि फ्रान्समधील बोन गावची बुर्गोन्य ए ग्रासे या तीन कंपन्या २००२ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांतून पुढे गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल ही कंपनी झाली. ती २०१९ मध्ये जपानच्या एंजल समूहाने घेतली. टोपी-छडीची नवी चिप कॅसिनोखेरीज कोणाला मिळत नाही. घरच्या पोकरला तसल्याच चिप्स हव्या असणाऱ्याला मग बंद पडलेल्या कॅसिनोंचा माल शोधण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि लिलावातली निम्मी चुरस त्यातून येते.

गिऱ्हाइकांच्या दोन जाती आहेत. पहिला संग्राहक प्रत्येक कॅसिनोची, प्रत्येक किमतीची एकेकच चिप जमवतो. त्याला लास व्हेगासमधल्या एखाद्या विस्मृत जुगारघराची चिप मिळाली की तो तृप्त. दुसऱ्याला एकच नमुना शेकड्यांनी हवा असतो, कारण त्याला त्या चिप्सनी खेळायचे असते. वीस चिप्सची चवड म्हणजे ‘बॅरल’ आणि शंभरांची पेटी म्हणजे ‘रॅक’, ही दुसऱ्याची मापे. दोघे एकाच लिलावात उतरले की कुरबुर ठरलेली. शंभर चिप्सची पेटी फोडून सुटी विकणारा पहिल्याला उपकारकर्ता वाटतो, दुसऱ्याला कसाई. यात दुसऱ्याची बाजू अधिक खरी आहे. फुटलेली पेटी पुन्हा जुळवायला अनेक वर्षे लागतात, आणि बऱ्याचदा ती जुळतच नाही.

माल कुठून येतो : लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या नियमावलीप्रमाणे चिप म्हणजे कॅसिनोने ती धारण करणाऱ्याला लागत असलेल्या देण्याचा पुरावा; तिची मालकी मात्र कॅसिनोचीच. कायद्याने पाहता खिशात घालून घरी नेलेली चिप आपली नव्हेच. अर्थात एखाद-दुसरी चिप आठवण म्हणून गेली तर कॅसिनो हरकत घेत नाहीत, कारण परत न आलेल्या चिपचे देणे त्यांना फेडावेच लागत नाही. कॅसिनो बंद झाला किंवा चिप्स बदलल्या, की जाहीर सूचना देऊन ठराविक मुदतीत जुन्या चिप्स वटवाव्या लागतात. उरलेल्या नष्ट करतात, भोके पाडून किंवा खाच मारून निकामी करतात, किंवा पुरतात. १९९३ मध्ये स्फोटाने पाडलेल्या लास व्हेगासच्या ड्यून्स हॉटेलच्या जागेवर बेलाजिओ या कॅसिनोचे काम चालू असताना जमिनीत पुरलेल्या चिप्स वर आल्या आणि संग्राहकांच्या हाती लागल्या.

मोठ्या किमतीच्या चिपचे गणित वेगळे. डिसेंबर २०१० मध्ये मोटारसायकलवरून आलेल्या, हेल्मेट घातलेल्या एका तरुणाने बेलाजिओतून सुमारे १५ लाख डॉलरच्या चिप्स लुटल्या. बेलाजिओने लगेच २५,००० डॉलरची चिप बदलायचे ठरवले आणि जुनी वटवायला २२ एप्रिल २०११ पर्यंतची मुदत दिली. चोराने त्या चिप्स इंटरनेटवर ओळखी काढून विकायचा प्रयत्न केला आणि त्यातच तो सापडला. जाणता संग्राहक चालू कॅसिनोच्या बड्या चिपवर म्हणूनच बोली लावत नाही: ती चोरीची असू शकते, आणि नसली तरी पिंजऱ्यावर, म्हणजे कॅसिनोच्या रोखपालाकडे, ती कुठून आली याचा खुलासा द्यावा लागतो.

लिलावाची रीत : संग्राहकांची अमेरिकेतली मुख्य संघटना १९८८ मध्ये स्थापन झाली. तिचे नियतकालिक, टपालाने मागवलेल्या बोली आणि लास व्हेगासचे वार्षिक संमेलन यांवर सुरुवातीला सगळा व्यवहार चाले. सप्टेंबर १९९५ मध्ये पियर ओमिडियार यांनी ऑक्शनवेब हे लिलावाचे संकेतस्थळ काढले. १९९७ पासून ते ईबे म्हणून ओळखले जाते. कोणाच्या तरी आजोबांच्या खणात पडलेली चिप आता जगभराच्या गिऱ्हाइकापुढे येऊ लागली. त्यामुळे दुर्मीळ समजल्या गेलेल्या काही चिप्स पुरेशा संख्येने निघाल्या आणि त्यांचे भाव कोसळले, तर खरोखर दुर्मीळ असलेल्यांचे वधारले.

ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम एकदाच नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवत जाते. समजा, एका चिपची बोली १० डॉलरपासून सुरू झाली आणि पहिल्याने ६० डॉलरची कमाल नोंदवली. दुसरा ३५ लावतो. किंमत ३६ होते आणि पहिलाच पुढे राहतो, कारण २५ ते १०० डॉलरच्या टप्प्यात पायरी एक डॉलरची असते. शेवटच्या सहा सेकंदांत तिसरा ८० नोंदवतो. चिप त्याला मिळते ती ६१ डॉलरला. पहिल्याला ‘एका डॉलरने गेली’ अशी हळहळ वाटते, पण ती फसवी आहे. त्याने ७९ नोंदवले असते तरीही चिप गेलीच असती. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढी किंमत घेणारा लिलाव अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये मांडला होता (१९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले). त्या रचनेत मनातली खरी किंमत एकदाच सांगून गप्प बसणे शहाणपणाचे ठरते.

प्रत्यक्षात लोक गप्प बसत नाहीत. घड्याळ संपता संपता बोली टाकण्याला ‘स्नायपिंग’ म्हणतात आणि त्यासाठी स्वयंचलित सेवाही निघाल्या आहेत. नवख्यांना हा रडीचा डाव वाटतो. पण नियमात ती बसते, आणि आपली पसंती आधी उघड केली की दुसऱ्याचीही भूक चाळवते हे मुरलेल्या संग्राहकाला पक्के ठाऊक असते. आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की ठरल्या क्षणी संपणाऱ्या ईबेच्या लिलावांत शेवटच्या घटकेच्या बोली पुष्कळ पडत. शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटे वाट पाहणाऱ्या ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत त्या फार कमी. म्हणजे दोष माणसांच्या स्वभावापेक्षा घड्याळाचा. संग्राहक आपापसांत लिलाव करतात तेव्हा याच कारणाने मुदतवाढीचा नियम ठेवतात: अखेरच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ तेवढाच पुढे, थेट हातोडा पडेपर्यंतच्या ‘एक वार, दोन वार’सारखा.

बोलीचे शिष्टाचार : मान्य रीतींपैकी पहिली, लावलेली बोली मागे घ्यायची नाही. ईबे ती फक्त रक्कम चुकून पडली, वस्तूचे वर्णन बदलले किंवा विक्रेत्याशी संपर्क होईना, अशाच कारणांसाठी मागे घेऊ देते. मागे घेण्यामागे एक जुनी लबाडी असते: अवाच्या सवा बोली टाकून समोरच्याची कमाल रक्कम उघडी पाडायची, मग आपली बोली काढून घ्यायची आणि नंतर त्या रकमेच्या वर नेमके एक पाऊल टाकायचे. एकदा असे करणाऱ्याचे नाव मंडळींत कायमचे खराब होते.

दुसऱ्याचा लिलाव चालू असताना चारचौघांत ‘ही चिप एवढ्या किमतीची नाही’ असे म्हणणे हा उघड असभ्यपणा मानतात. चिप खोटी असेल तर मात्र गप्प बसणे हाच असभ्यपणा, आणि अशा वेळी आधी विक्रेत्याला खाजगीत कळवण्याची पद्धत आहे. विक्रेत्याला गुपचूप गाठून ‘लिलाव आत्ताच बंद कर, मी एवढे देतो’ म्हणणारेही भेटतात. हा प्रस्ताव ज्यांनी आधी बोली लावली त्यांच्या तोंडचा घास काढणारा तर आहेच, शिवाय तो विक्रेत्यालाच महाग पडतो, कारण गुपचूप येणारा माणूस पूर्ण भाव कधीच देत नाही.

विक्रेत्याने स्वतः किंवा मित्राकरवी आपल्याच वस्तूवर बोली चढवणे ही फसवणूक आहे आणि ती केवळ संकेतांपुरती नाही. २००० मध्ये ईबेवर २५ सेंटपासून सुरू झालेल्या एका चित्राची बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली होती. विक्रेत्यांनी आपापसांत बोली लावल्याचे उघड झाल्यावर व्यवहार रद्द झाला आणि त्यांच्यावर अमेरिकेच्या संघीय न्यायालयात खटला चालला.

सर्वांत अवघड प्रश्न आहे तो मित्रासाठी बाजूला होण्याचा. एखाद्याला आपल्या गावच्या बंद पडलेल्या कॅसिनोची मालिका पुरी करायला एकच चिप कमी आहे हे सगळ्यांना माहीत असते. ती लिलावात आली, की इतर जण आपणहून हात आखडता घेतात. हे सौजन्य आहे, आणि छंद टिकतो तो अशाच वागण्यावर. पण पूर्वी बोली लावणाऱ्यांची टोपणनावे उघड दिसत, तेव्हा पुढची पायरी सहज गाठली जाई: ‘ही तू घे, पुढची मी घेतो’ असा निरोप, त्याला होकार, आणि विक्रेत्याच्या हाती अर्धी किंमत. बाजार समितीत व्यापारी रिंग करून शेतमालाचा भाव पाडतात तोच हा प्रकार. ब्रिटनने १९२७ मध्येच कायदा करून व्यापाऱ्यांचे असे आपसातले करार गुन्हा ठरवले, आणि अमेरिकेत बोलीतले संगनमत १८९० च्या शर्मन कायद्याखाली येते. फरक ओळखायची कसोटी साधी आहे: न विचारता बाजूला झालात तर सौजन्य, बदल्यात काही ठरवलेत तर रिंग. ईबेने पुढे नावे झाकून टाकली आणि दोन्ही गोष्टी अवघड झाल्या. जुने संग्राहक त्याबद्दल अजून कुरकुरतात, पण विक्रेत्यांच्या दृष्टीने हे बरेच झाले.

विक्रेत्याची जबाबदारी : चांगली नोंद छायाचित्रावरून ओळखता येते. चिपच्या दोन्ही बाजू, आणि चवड उभी करून कडेने घेतलेला एक फोटो हवाच. नव्या चिप्सच्या चवडीत दोन चकत्यांमधली फट केसाइतकी बारीक दिसते. वापरलेल्या चिप्सच्या कडा गोलावून तिथे रुंद खाचा पडतात. केवळ दर्शनी बाजू दाखवणाऱ्याकडे कडेचा फोटो मागावा. तो मिळाला नाही तर बोली लावू नये. चिप तेल लावून उजळवली असेल तर तसे सांगणे बंधनकारक मानतात. मधला छापील कागद काढून दुसरा बसवलेल्या चिप्स खेळणाऱ्यांना चालतात, संग्राहकांना नाही. बंद कॅसिनोच्या नावाने नंतर पाडलेल्या हौशी चिप्सना ‘फँटसी’ म्हणतात. त्या विकायला हरकत नाही, पण हा शब्द नोंदीच्या शीर्षकातच हवा. खऱ्या कॅसिनोलाही बनावट चिप्सनी गंडा बसतो: जानेवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या बोरगाटातील पोकर स्पर्धेत एका खेळाडूने खोट्या चिप्स खेळात आणल्या आणि उरलेल्या चिप्स तो उतरला होता त्या हॉटेलच्या शौचालयातून वाहवल्या, नळ तुंबल्याने प्रकरण उघडकीस आले.

पैसे लगेच देणे आणि पार्सल मिळाल्यावर अभिप्राय लिहिणे, एवढेच खरेदीदाराचे उरलेले कर्तव्य. २००८ पासून ईबेचा विक्रेता खरेदीदाराविरुद्ध वाईट अभिप्राय लिहू शकत नाही, त्यामुळे बुडव्या गिऱ्हाइकांची नावे तोंडोतोंडीच फिरतात. शंभर चिप्सचे वजन किलोच्या आसपास भरते. म्हणून एकाच विक्रेत्याकडून अनेक नग घेणारा ते एका पार्सलात पाठवायची विनंती करतो, आणि ती मान्य करणे हा शिरस्ता आहे. चिप्स सुट्या टाकल्या तर वाटेत एकमेकींवर आपटून कडांचे टवके उडतात. त्या गुंडाळून, घट्ट बसवून पाठवतात.

भारतातील स्थिती : मुंबईच्या बाझी डॉट कॉमला २००४ मध्ये विकत घेऊन ईबे भारतात आली, २०१८ मध्ये तिचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. आता इथला संग्राहक परदेशी विक्रेत्याकडून मागवतो, आणि बोली ठरवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क त्याला आधीच धरावे लागते. दहा डॉलरच्या चिपला हे दोन्ही मिळून चिपपेक्षा भारी पडू शकतात. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण व कर यासंबंधी कायदा केला, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे संग्रहात ठेवावी अशी महाराष्ट्राच्या कॅसिनोची चिपच नाही. गोव्याची आहे. तिथे कायद्यात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या आणि मांडवीतल्या जहाजांवर टेबलावरच्या जुगाराला वाट मिळाली, आणि जहाजे व त्यांची नावे बदलत गेली तशा चिप्सही बदलल्या. परदेशी संग्राहक भारताच्या रकान्यासाठी त्या शोधतात. पणजीत राहणाऱ्या किंवा वरचेवर जाणाऱ्या मराठी संग्राहकाकडे म्हणूनच अदलाबदलीला काहीतरी असते, आणि लिलावात न उतरता हवी ती अमेरिकन चिप मिळवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.