पंचतारांकित खोलीचं भाडं: आकड्याच्या पोटात काय काय

एखादं हॉटेल महाग की वाजवी हे ठरवायचं तर आधी भाड्यात काय काय मोडतं ते पाहावं लागतं. ही यादी गेली शंभराहून अधिक वर्षं सारखी बदलत आली आहे.

16 डिसेंबर 1903 रोजी मुंबईचं ताजमहाल हॉटेल उघडलं, तेव्हा पहिले पाहुणे अवघे 17 होते. गेटवे ऑफ इंडिया बांधून व्हायला अजून एकवीस वर्षं होती. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी आखलेल्या त्या इमारतीत पाहुणा पैसे मोजायचा ते विजेचे दिवे, पंखे आणि लिफ्ट यांचे, कारण शहरातल्या बहुतेक घरांत यातलं काहीच नव्हतं. आज एसटी स्टँडसमोरच्या लॉजमध्येही दिवा-पंखा धरूनच भाडं सांगतात.

त्या काळी बोटीने येणारा प्रवासी अनेकदा जेवणासकट राहायचा. भाड्यात कोणतं खाणं धरलं आहे, ते दरपत्रकातली आद्याक्षरं सांगतात. एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, सीपी म्हणजे फक्त नाश्ता, ईपी म्हणजे नुसती खोली. मोठ्या शहरांतली हॉटेलं हळूहळू ईपी-सीपीवर आली, माथेरानला मात्र जेवणासकट भाडं अजून सर्रास चालतं. तिथे आकडा बहुधा दरडोई असतो. तो शहरातल्या खोलीमागच्या आकड्याशेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवलं की हिशेब हमखास चुकतो.

तारे देण्याचं काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते. ते ऐच्छिक असतं आणि पाच वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. समिती खोलीचं क्षेत्रफळ, बाथरूम, वातानुकूलन, सोयी तपासते. दिलेल्या पैशांचं चीज होतं का, हा तिचा विषयच नाही.

दर ठरवायचा हॉटेलवाल्यांचा जुना ठोकताळा असा: एक खोली उभारायला जो खर्च आला, त्याचा हजारावा भाग हे एका रात्रीचं भाडं. खोलीमागे 1 कोटी लागले तर 10 हजार. वर्षभरात साधारण 70 टक्के खोल्या भरतील हे त्यात गृहीत असतं. हा झाला छापील दर, म्हणजे ‘रॅक रेट’. विमान कंपन्यांनी 1980 च्या दशकात मागणीप्रमाणे तिकिटाचे दर हलवायला सुरुवात केली, हॉटेलांनी तेच उचललं आणि रॅक रेट बराचसा शोभेला उरला. आता वांद्रे-कुर्ला संकुलातली कामकाजी हॉटेलांचे दर शनिवार-रविवारी उतरतात, गोवा त्याच दोन दिवशी चढतो आणि पावसाळ्यात पडतो. 31 डिसेंबरला अनेक रिसॉर्ट सक्तीचं ‘गाला डिनर’ वेगळं लावतात. बुकिंगच्या पानावर ते बारीक अक्षरात असतं.

सगळ्यात जास्त गोंधळ कराचा. 1987 मध्ये केंद्राने महागड्या हॉटेलांतल्या खर्चावर कर आणला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने लक्झरी टॅक्सचा कायदा केला. केंद्राचा कर 2003 मध्ये गेला, राज्याचा 1 जुलै 2017 ला जीएसटीत विरला. सुरुवातीला 7,500 आणि त्यावरच्या खोलीला 28 टक्के जीएसटी होता, आणि टप्पा ठरायचा तो शोभेच्या रॅक रेटवरून. 8 हजारांचा फलक लावून खोली 5 हजारांना दिली तरी त्या 5 हजारांवर 28 टक्के! जुलै 2018 पासून प्रत्यक्ष घेतलेली रक्कम धरू लागले. ऑक्टोबर 2019 मध्ये 7,500 पर्यंत 12 टक्के आणि त्यापुढे 18 झाले. 22 सप्टेंबर 2025 पासून खालचा टप्पा 5 टक्क्यांवर आला, वरचा 18 वरच राहिला.

टप्पा ओलांडला की वरच्या रकमेवरच नाही, अख्ख्या भाड्यावर 18 टक्के बसतात. म्हणून 7,500 ची खोली 7,875 ला पडते आणि 7,501 ची 8,851 ला. एका रुपयाचे 976! नाश्ता याच कड्यावरून ढकलतो. 7,200 च्या खोलीत दोघांचा 1,200 चा नाश्ता धरून 8,400 चं एकच पॅकेज घेतलं, तर सगळ्यावर 18 टक्के, म्हणजे 9,912. नुसती खोली घेतली तर 7,560. मग नाश्ता तिथेच वेगळ्या बिलावर, 18 टक्क्यांनी खाल्ला तरी 1,416, मिळून 8,976. दर 7 ते 8 हजारांच्या आसपास असेल तर दोन्ही बेरजा करूनच बटण दाबावं.

उरलं सर्व्हिस चार्जचं. ग्राहकाला न विचारता तो बिलात घालू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बजावलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तो काढायला सांगायचा तर कर लागण्याआधी, कारण जीएसटी त्याच्यावरही चढतो: 1,000 च्या जेवणाचे 18 टक्क्यांनी 1,180 होतात, 10 टक्के सर्व्हिस चार्ज आधी बसला तर 1,298.